आकाश मोजणाऱ्यांचा पासंग

रिकाम्या तराजूचे एक पारडे खाली झुकत असेल, तर दुकानदार दुसऱ्या बाजूला खडा बांधून ते सारखे करतो. याला पासंग म्हणतात. खगोलशास्त्रज्ञांनाही असा पासंग शोधावा लागतो. त्यांच्या पारड्यात मात्र लाखो दीर्घिका असतात.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट वेधशाळेतून २००० साली ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ सुरू झाला. अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने २००९ पर्यंत आकाशाच्या सुमारे एकतृतीयांश भागाची पाच फिल्टरमधून छायाचित्रे घेतली. दीर्घिका कुठे दाट, कुठे विरळ यावरून विश्व कसे प्रसरण पावले, हे ताडता येते. पण सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर ही दाटी सरासरीहून जेमतेम टक्काभर जास्त असते. म्हणजे मोजणीतली टक्क्याची चूकही विश्वाचे गुपित म्हणून खपून जायची!

चूक शिरते कुठून? पहिली वाट धुळीची. आपल्या आकाशगंगेतील धुळीमुळे पलीकडच्या दीर्घिका मंद आणि तांबूस दिसतात. काही तर यादीतूनच गळतात. ही धूळ अवरक्त किरणांत चमकते. त्या प्रकाशावरून १९९८ साली श्लेगल, फिंकबाइनर आणि डेव्हिस यांनी धुळीचा नकाशा काढला. त्यावरून प्रत्येक दीर्घिकेची तेजस्विता सुधारून घेतात.

दुसरी वाट हवेची. प्रत्येक रात्रीचे वातावरण निराळे. म्हणून आकाशाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून टिपतात. एकच स्थिर तारा दोन रात्री वेगळा भरला, तर दोष ताऱ्याचा नव्हे. असे सगळे फरक एकत्र सोडवून निखिल पद्मनाभन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली चार फिल्टरमधली चूक टक्क्यावर आणली. अतिनील फिल्टरमध्ये ती दोन टक्के राहिली.

तिसरी वाट ताऱ्यांची. जिथे तारे दाट, तिथे त्यांच्या झगमगाटात अंधूक दीर्घिका हरवतात. म्हणून तिथल्या प्रत्येक दीर्घिकेला हिशेबात किंचित जास्त वजन देतात.

दुरुस्ती बरोबर झाली, हे कसे ओळखायचे? दूरच्या दीर्घिकांना आपल्या धुळीची किंवा ताऱ्यांची खबर नसते. तेव्हा दुरुस्तीनंतरही त्यांची संख्या धुळीबरोबर घटत-वाढत असेल, तर पासंग अजून चुकतोय, असे खुशाल समजावे.