आतड्यातले जिवाणू आणि रक्तदाब

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात आणि लहान आतड्यात न पचलेल्या अन्नावर जगतात. त्यातून तयार होणारी रसायने रक्तात उतरून मूत्रपिंड, यकृत आणि धमन्यांपर्यंत पोचतात.

ज्वारी-बाजरी, उसळी, भाज्या आणि फळे यांतला चोथा माणसाच्या पाचकरसांना दाद देत नाही. जिवाणू तो आंबवतात आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेटवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. अस्तर धड राहिले की जिवाणूंची अपायकारक द्रव्ये रक्तात झिरपत नाहीत आणि दाह आटोक्यात राहतो. रक्तदाबाशी या आम्लांचे नाते मात्र दुहेरी आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जेनिफर प्लुझनिक यांनी २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की या आम्लांना ओळखणारा पेशींवरचा एक ग्राहक (रिसेप्टर) मूत्रपिंडातून रेनिन स्रवायला लावून दाब चढवतो, तर दुसरा दाब उतरवतो. एकूण परिणाम उताराकडे झुकतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत, औषधे न घेणाऱ्या २० उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींना ॲसिटेट व ब्युटिरेट जोडलेला मक्याचा स्टार्च तीन आठवडे दिल्यावर त्यांचा वरचा दाब सरासरी सहा मिलिमीटरने उतरला.

मिठाचा परिणामही काही अंशी जिवाणूंमार्फत होतो. जर्मन संशोधकांना २०१७ मध्ये आढळले, की खारट आहाराने उंदरांच्या आतड्यातले लॅक्टोबॅसिलस घटतात, दाह वाढवणाऱ्या टीएच-१७ पेशी वाढतात आणि रक्तदाब चढतो. त्याच वर्षी चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची विष्ठा जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात सोडली, तेव्हा उंदरांचाही दाब वाढला.

रक्तदाबाखेरीज जिवाणूंना हृदयविकाराशी जोडणारा दुसरा धागा टीएमएओ या रसायनाचा. अंड्याच्या बलकातले कोलीन आणि मटणातले कार्निटीन यांपासून जिवाणू ट्रायमिथाइलअमीन बनवतात. यकृत त्याचे टीएमएओ करते. प्राण्यांमध्ये त्याने धमन्यांत चरबीचे थर साचतात आणि रक्त लवकर गोठते. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०१३ च्या अभ्यासात ४००७ रुग्णांवर तीन वर्षे लक्ष ठेवले. टीएमएओ जास्त असलेल्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू अधिक आढळले. मात्र मूत्रपिंड मंदावले तरी टीएमएओ वाढते, आणि समुद्री मासळीत तर ते तयारच असते. त्यामुळे ते रोगाचे कारण की केवळ खूण, हा वाद मिटलेला नाही.

औषधांवरही जिवाणूंचा अंमल चालतो. एगर्थेला लेंटा हा जिवाणू डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध निकामी करतो.

बराचसा पुरावा अजून प्राण्यांवरचा आहे, माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत. म्हणून विष्ठेची तपासणी किंवा प्रोबायोटिकच्या गोळ्या रक्तदाबाच्या औषधांची जागा घेऊ शकत नाहीत. रोजच्या आहारात चोथा वाढवणे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवणे, हे दोन्ही उपाय जिवाणूंचा विचार बाजूला ठेवला तरी हिताचेच ठरलेले आहेत.