दुसऱ्यासाठी मागत राहणे

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने एका विधवेची गोष्ट सांगितली आहे. गावचा न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसांचीही पर्वा करत नाही. ही बाई मात्र न्याय मागायला त्याच्याकडे येतच राहते. अखेर तिच्या तगाद्याने त्रासून तो निवाडा देतो. असला माणूसही ऐकतो, मग देव ऐकणार नाही का, असा येशूचा सवाल. विधवेचे मागणे स्वतःसाठी होते. ख्रिस्ती मंडळींनी तिचा चिवटपणा इतरांसाठीही वापरला. अशा मागण्याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात.

उत्तर आफ्रिकेतल्या थागास्तेची मोनिका हीही विधवाच. तिचा हुशार मुलगा ऑगस्टीन मानी पंथाच्या नादी लागला आणि ती वर्षानुवर्षे त्याच्यासाठी रडून प्रार्थना करत राहिली. एका बिशपला तिने गळ घातली, की तुम्ही त्याची समजूत काढा. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला. वाद घालून उपयोग नाही, तू प्रार्थना कर, असे तो म्हणाला. तरी ती हटेना, तेव्हा वैतागून त्याने तिला वाटेला लावले, पण एवढे अश्रू ज्याच्यासाठी ढाळले तो वाया जाणार नाही, असेही सांगितले. इसवी सन 387 मध्ये मिलानला ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मोनिका वारली.

सगळ्यांनाच असे फळ पाहायला मिळत नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या जॉर्ज म्युलर यांनी नोव्हेंबर 1844 मध्ये पाच जणांच्या तारणासाठी प्रार्थना सुरू केली. आजारपण असो, प्रवास असो, एकही दिवस खंड नाही. दीड वर्षाने पहिला प्रभूकडे वळला, त्यानंतर पाच वर्षांनी दुसरा, आणखी सहा वर्षांनी तिसरा. छत्तीस वर्षे उलटल्यावरही उरलेले दोघे होते तिथेच होते आणि म्युलर त्यांची नावे घेतच होते. या साधनेचे खरे मोल इथेच दिसते. ज्याचे नाव रोज देवापुढे घ्यायचे, त्याला मनातून काढून टाकता येत नाही.

म्युलर यांच्या चरित्राने पंडिता रमाबाईंना बळ दिले. त्याही विधवा. पुण्याजवळ केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये विधवा होत्या, दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी स्वयंसेविका मागितल्या. सत्तर जणी पुढे आल्या. जूनअखेरीस मुक्तीत मोठे आध्यात्मिक जागरण झाले, तोवर त्यांची संख्या साडेपाचशेवर गेली होती. त्या मुली केवळ मुक्तीपुरते मागत नव्हत्या, साऱ्या भारतातील ख्रिस्ती लोकांसाठी मागत होत्या. जगाने ज्यांना अपशकुनी ठरवून दाराबाहेर काढले, त्यांनीच देशाचे ओझे खांद्यावर घ्यावे, ही गोष्ट आपल्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी.

मराठी मंडळ्यांत आजही साखळी प्रार्थना होते. दिवसरात्रीचे तास घराघरांत वाटून घेतात. कुणी इस्पितळात असेल, कुणाची नोकरी गेली असेल, कुणाचा मुलगा दारूच्या आहारी गेला असेल, तर नावांची यादी सर्वांकडे जाते. पहाटे तीनचा तास ज्यांच्या वाट्याला येतो, ते गजर लावून उठतात आणि ती यादी समोर ठेवून एकेक नाव घेतात.