दुखत नाही, म्हणून कान सोडू नका!

'लहानपणापासून तिचा कान फुटतो, त्यात काय एवढं!' हे वाक्य आपण सगळ्याजणींनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. लसणाचं कोमट तेल, कापसाचा बोळा, की झालं. मुलगी लग्नाची असेल, तर वर 'कुणाला सांगू नकोस' हेही असतंच.

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या ओळखीच्या एक वहिनी विड्या वळतात. त्यांचा डावा कान वीस वर्षं वाहत होता. 'दुखत तर नाही की!' असं म्हणून त्या दवाखाना टाळत. विड्या कमी वळल्या की मजुरी कमी, हेही कारण होतंच. पण चक्कर येऊ लागली, त्या कानानं फोनवरचं ऐकू येईना, तेव्हा मी त्यांच्याबरोबर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणी झाली, सीटी स्कॅन झाला. निदान निघालं, कोलेस्टिएटोमा.

नाव भीतिदायक असलं तरी हा कॅन्सर नव्हे. कानाचा पडदा आत ओढला गेला किंवा त्याच्या कडेला भोक पडलं, की कातडी मधल्या कानात शिरते आणि तिथे तिची पिशवी बनते. कातडीचा मळ आतच साठत जातो, पिशवी फुगते आणि भोवतालचं हाड कुरतडत जाते. ऐकण्यासाठी असलेली तीन इवलीशी हाडं झिजतात. तोल सांभाळणारा भाग आणि चेहऱ्याची नस तिथे जवळच असते. मेंदू तर हाडाच्या पातळ पापुद्र्यापलीकडे! आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता. मुख्य खूण म्हणजे घाण वासाचा पू, औषधानं थांबणारा आणि पुन्हा येणारा.

थेंबांनी पू थांबतो, पिशवी जात नाही. त्यासाठी ऑपरेशनच लागतं. बहुतेकदा कानामागे छेद घेऊन, मायक्रोस्कोपखाली हाड कोरून पिशवी मुळासकट काढतात. जमेल तिथे स्नायूवरच्या आवरणाचा नवा पडदा बसवतात.

'ऐकू येईल ना हो?' हा वहिनींचा पहिला प्रश्न. डॉक्टर म्हणाले, 'ताई, आधी जीव सुरक्षित, मग ऐकणं.' हे समजून घेतलं तर नंतर निराशा होत नाही. पिशवीचा कण राहिला तर ती पुन्हा वाढते. म्हणून काहींना वर्षभरानं एमआरआय किंवा दुसरं ऑपरेशन लागतं. कानात मोठी पोकळी ठेवली असेल, तर ती नियमित साफ करून घ्यावी लागते. वहिनी आता तपासणीला न चुकता जातात.

सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिव्हिलमध्ये कानाचा विभाग आहे. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी विचारा. आणि मैत्रिणींनो, वाहणाऱ्या कानासोबत चक्कर, वाकडं झालेलं तोंड किंवा ताप आणि तीव्र डोकेदुखी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तेलाची वाटी बाजूला ठेवा.