अळ्या दिसल्या की आधी थांबा

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "कर्नलसाहेब, दारातल्या झाडाची पानं अळ्या खातायत, कुठलं औषध मारू?" आधी अळी कोणती ते बघा, औषधाचं नंतर बोलू.

आमच्या जबलपूरच्या कॉलनीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बहावा आहे, इकडे त्याला अमलतास म्हणतात. पावसाळ्यात फिकट पिवळसर फुलपाखरं त्याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतात आणि हिरव्या, गुळगुळीत अळ्या बघता बघता फांद्या बोडक्या करतात. पहिल्या वर्षी मी फौजी खाक्याने हुकूम सोडला आणि जहाल कीटकनाशक मारून घेतलं. अळ्या मेल्या. दुसऱ्या सकाळी बुलबुलाची दोन पिल्लंही झाडाखाली पडलेली होती. ती औषधानेच गेली हे मी सिद्ध करू शकत नाही, पण तो पंप पुन्हा बाहेर काढला नाही.

पुढच्या वर्षी शेजारी म्हणाले, झाडंच तोडा. मी महिनाभर मुदत मागून घेतली. अळ्यांचे कोष झाले, फुलपाखरं उडाली आणि महिना संपायच्या आत नवी पालवी आली. खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर निरोगी झाड एवढं सोसतं. एकाच हंगामात वारंवार पानं गेली, किंवा बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं असलं, तर मात्र ते खचतं. आम्ही बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढले, हात-दीड हात माती मोकळी केली, पाऊस ताणला की पाणी दिलं. मुख्य इलाज हाच.

लहान रोपाला थांबणं परवडत नाही. अळ्या हाताने वेचा. फार असतील तर बीटी जिवाणूंची पावडर, पाकिटावरच्या प्रमाणात, संध्याकाळी फवारा. उन्हात तिचा असर लवकर जातो. अळी ते पान खाईल तेव्हाच मरते, म्हणून अळ्या बारीक असतानाच. फुलपाखरांच्या इतर अळ्याही त्याने मरतात, तेव्हा फक्त त्याच रोपावर.

केसाळ असेल तर तो सुरवंट, त्याचं वेगळं. शेवग्यावरचे सुरवंट दिवसा खोडावर गठ्ठ्याने बसतात. लांब दांड्याच्या झाडूने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा हवाच. केस अंगाला लागले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले तर घरगुती उपाय नको, सरळ डॉक्टर.