घामाचे कपडे: निवड आणि निगा

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे. त्यामुळे सैन्यभरतीची ओढ या भागातील शेतकरी घरांत जुनीच. आपली मुले पहाटे धावतात ती पॉलिएस्टरच्या घट्ट कपड्यांत, आणि पुष्कळदा त्याच कपड्यांवर शेतातही राबतात. मग पावसाळ्यात जांघेत, काखेत नायटा उठतो. म्हणून घामाच्या कपड्यांविषयी आम्ही येथे थोडे सांगत आहोत.

सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा हवेतून धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सुती कापड घाम टिपते. पॉलिएस्टर लवकर वाळते हे खरे, पण त्याला घामाचा वास फार धरतो. शिवाय ते खनिज तेलापासून बनते. प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू सुटून ओढ्यात, शेतात जातात व कुजत नाहीत.

कापड ओळखायचे असेल तर एक धागा चिमट्यात धरून पेटवावा. सुती धागा जळत्या कागदासारखा वास देतो व त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. ही परीक्षा मोठ्यांनीच करावी.

कपडा सुती व सैल घ्यावा. घरात असलेले पॉलिएस्टर मात्र फेकू नये. ते फाटेपर्यंत वापरणे हीच काटकसर.

निगा अशी ठेवावी:

१. काम किंवा धावणे संपताच कपडे बदलावेत. ओला सुती कपडाही अंगावर राहिला तर बाधतो.

२. कपडे उलटे करून बेताच्या साबणाने धुवावेत. साध्या मळाला रिठ्याचे पाणीही चालते.

३. उन्हात पूर्ण वाळवावेत. दमट चड्डी, बनियन कधीही घालू नये.

४. नायटा झालेल्याचे कपडे व टॉवेल वेगळे ठेवून कढत पाण्यात धुवावेत. दुकानातून मनाने मलम आणू नये. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज थांबते, पण नायटा पसरतो. डॉक्टरांनाच दाखवावे.

फाटलेले शुद्ध सुती कापड पुसण्यास वापरून शेवटी खतखड्ड्यात टाकावे. पॉलिएस्टर चुलीत जाळू नये. त्याचा धूर अपायकारक असतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीला आपणा सर्वांचे सामाईक घर म्हटले. त्या घराची आणि आपल्या मुलांच्या प्रकृतीची काळजी धुण्याच्या दगडापासूनही घेता येते.