लॉजचे कार्ड : मुसाफिराला दिलेला शब्द

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ लॉजिंग-बोर्डिंग, खानावळ आणि लहान गेस्ट हाउसवर चालतो. दर्ग्याचे गाव असो, मोठ्या दवाखान्याचे गाव असो की कोकणचा किनारा, आठ-दहा खोल्यांचा हा धंदा सगळीकडे दिसतो. खोल्या स्वच्छ असतात, मालक सचोटीचा असतो, येणारे गिऱ्हाईक समाधानाने जाते. मात्र दुसऱ्या खेपेला ते दुसरीकडेच उतरते. रागावून नव्हे. त्याला फक्त आपल्या लॉजचे नाव आठवत नाही. "स्टेशनजवळ, हिरव्या रंगाचे होते" एवढेच त्याच्या लक्षात राहते.

मग हाच माणूस मोबाइलवर शोधतो आणि बुकिंग कंपनीमार्फत कुठेतरी खोली घेतो. नशिबाने तो आपल्याकडेच आला तरी भाड्यातला वाटा कंपनीला जातो. समजा, खोलीचे भाडे ८०० रुपये आणि कमिशन शेकडा १५ आहे. एका खोलीमागे एका रात्रीचे १२० रुपये गेले. रोज चार खोल्या या मार्गाने भरल्या तर महिन्याला १४,४०० रुपये होतात. नवे गिऱ्हाईक मिळवून दिल्याबद्दल कमिशन देण्यात गैर काही नाही. पण जो माणूस एकदा आपल्या गादीवर झोपून गेला, त्याला परत आणण्यासाठीही कमिशन मोजावे लागत असेल, तर चूक आपली आहे. आपण त्याला जाताना हातात काही दिले नाही.

पूर्वी आगबोटी आणि रेल्वेच्या काळात जगभरची हॉटेले मुसाफिराच्या पेटीवर आपले रंगीत लेबल चिकटवीत. इटलीतील नेपल्स शहराच्या रिख्टर छापखान्याची अशी लेबले प्रसिद्ध होती. पेटी जिथे जाई तिथे हॉटेलचे नाव जाई. तत्त्व साधे आहे. छापलेला कागद मुसाफिराबरोबर घरी गेला पाहिजे.

आधी गिऱ्हाईक ओळखा

छापखान्यात जाण्यापूर्वी आपल्याकडे कोण उतरते याचा विचार करावा. उदाहरण म्हणून मिरज घेऊ. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन रुग्णालय सुरू केले आणि हे गाव उपचारांसाठी दूरवर प्रसिद्ध झाले. कर्नाटकातूनही येथे रुग्ण येतात. हजरत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यावर जियारतीला लोक येतात. उरुसाच्या काळात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तिला रसिक येतात. सतार-तंबोरे घेण्यासाठी कलावंत येतात. शिवाय रेल्वे जंक्शन असल्यामुळे एका रात्रीपुरते उतरणारे असतातच.

या प्रत्येकाची गरज निराळी आहे. रुग्णाच्या नातेवाइकाला दवाखाना किती अंतरावर, गरम पाणी किती वाजता आणि रात्री उशिरा दार उघडेल का, हे हवे असते. जियारतीला आलेल्या कुटुंबाला वजूची सोय, किब्ल्याची दिशा आणि बायकांसाठी आडोसा हवा असतो. रेल्वेच्या मुसाफिराला पहाटे कोणी उठवील का, एवढीच काळजी असते. ज्याच्याकडे निम्मे गिऱ्हाईक कर्नाटकातले आहे, त्याने कार्डाची एक बाजू कन्नडमध्ये छापली तर खर्च फारसा वाढत नाही, पण आलेल्या माणसाला आपलेपणा वाटतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दवाखान्याच्या दारात उभा असलेला माणूस कोणत्याही धर्माचा असो, तो आधी भाडे, पाणी आणि स्वच्छता विचारतो. आपल्या पत्रकातून असे वाटता कामा नये की ही जागा फक्त अमुक लोकांसाठी आहे. नमाजची सोय लिहा आणि तिच्या शेजारीच शाकाहारी जेवण कुठे मिळेल हेही लिहा. मुसाफिराची खिदमत ही सर्वांची खिदमत आहे.

नाव एक, रूप एक

पुष्कळ ठिकाणी फलकावर 'न्यू' लावलेले नाव असते, पावतीवर 'न्यू' नसते आणि मोबाइलच्या नकाशावर तिसरेच स्पेलिंग असते. गिऱ्हाइकाने शोधायचे कोणाला? नाव एकदा ठरवावे. ते कसे लिहायचे हे मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्हींत ठरवून कागदावर उतरवून ठेवावे. एक रंग निवडावा, अक्षराची एक पद्धत निवडावी आणि फलक, कार्ड, पावतीपुस्तक, किल्लीचा बिल्ला, खोलीतला दरफलक या सर्वांवर तेच वापरावे. दोन रंग पुरेसे आहेत. 'ब्रँड' हा शब्द मोठा वाटतो, पण लहान धंद्यात त्याचा अर्थ इतकाच की दुरून पाहूनही माणसाने ओळखावे.

एखाद्या बड्या हॉटेलाच्या नावाची किंवा चिन्हाची नक्कल करू नये. ते कायद्यातही बसत नाही आणि इमानदारीतही. आपले नाव वेगळे आणि टिकाऊ असेल तर ट्रेड मार्क कायदा १९९९ खाली त्याची नोंदणी करता येते. राहण्या-जेवण्याच्या सेवा ४३ व्या वर्गात येतात. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे तिचे नूतनीकरण करता येते.

कार्डावर काय छापावे

साधारण साडेतीन इंच बाय दोन इंच एवढीच जागा असते. पुढच्या बाजूला नाव, पत्ता, दोन फोन नंबर आणि ओळखीची खूण. "स्टेशनच्या अमुक बाजूने बाहेर पडा, चालत सहा मिनिटे" असे लिहिलेले वाक्य नुसत्या गल्लीच्या नावापेक्षा उपयोगी पडते. मिनिटे मात्र सामान घेऊन, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने मोजावीत. मागच्या बाजूला साधा नकाशा काढावा आणि त्यात स्टेशन, एसटी स्टँड, दवाखाना, मशीद दाखवावी. मोबाइलवर जागा दाखवणारा क्यूआर कोड छापायचा असेल तर तो फार लहान करू नये आणि छापील नमुन्यावरून स्वतःच्या फोनने तपासून घ्यावा.

भाडे कार्डावर छापू नये. भाडे बदलते आणि जुने कार्ड घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी वाद होतो. दर स्वतंत्र कागदावर तारखेसह छापून काउंटरवर आणि खोलीत लावावेत. उरुसाच्या दिवसांत भाडे वाढणार असेल तर तेही त्यातच स्पष्ट लिहावे. आलेल्या माणसाची अडचण पाहून तोंडी दर वाढवणे हा व्यापार नव्हे.

खोलीत किब्ल्याची दिशा दाखवणारा छोटा छापील बाण लावावा. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला कललेला आहे. छतावर अंदाजे बाण रंगवण्याऐवजी जवळच्या मशिदीच्या रोखाशी ताडून तो लावावा.

पवित्र नावांचा अदब

आपल्याकडे कार्डावर, बिलावर, अगदी कागदी रुमालावरही बिस्मिल्लाह, ७८६ किंवा काबा शरीफचे चित्र छापण्याची रीत आहे. हेतू बरकतीचा असतो. पण बिल फाटते, रुमालाने हात पुसतात, पत्रक रस्त्यावर पडते आणि पायाखाली येते. ज्या नावाचा आदर करायचा त्याचाच अनादर आपल्या हातून होतो. म्हणून फेकल्या जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर पवित्र शब्द किंवा चित्रे छापू नयेत. काउंटरमागे चांगल्या चौकटीत ती जरूर लावावीत. तिथे त्यांचा अदबही राहतो.

छापखान्यात जाताना

थोड्या, म्हणजे शंभर-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. हजाराच्या पुढे ऑफसेट स्वस्त पडते, कारण प्लेटचा खर्च सर्व प्रतींवर वाटला जातो. कार्डासाठी ३०० जीएसएमच्या आसपासचा जाड कागद घ्यावा. ओल्या हवेच्या गावात, विशेषतः कोकणात, लॅमिनेशन केलेले बरे. कापताना कडेला पांढरी पट्टी राहू नये म्हणून पार्श्वभूमीचा रंग चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त ठेवायला सांगावे. संगणकाच्या पडद्यावर दिसणारा रंग कागदावर तसाच उतरत नाही, म्हणून छापील नमुना पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेला की फाँट बदलून जोडाक्षरे तुटतात. उर्दू मजकुराची अक्षरे तर सुटी होतात किंवा उलटी लागतात. यावर उपाय म्हणजे मजकूर पीडीएफ करून द्यावा आणि शेवटचा नमुना ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा. फोन नंबर नुसता वाचू नका. नमुन्यावर पाहून तो नंबर फिरवा आणि आपलाच फोन वाजतो का ते पाहा. एका आकड्याच्या चुकीने हजार कार्डे रद्दीत जातात.

कॅलेंडर आणि रमजानचे वेळापत्रक

कार्ड खिशात राहते, कॅलेंडर वर्षभर भिंतीवर राहते. आपल्या घरांतून हिजरी तारखांचे कॅलेंडर आवर्जून लावतात, त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकांना पाठवण्यासाठी यासारखी भेट नाही. पण यात जबाबदारी आहे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि महिना चाँद दिसण्यावर ठरतो. म्हणून "चंद्रदर्शनानुसार तारखेत एक दिवसाचा फरक पडू शकतो" ही ओळ ठळक छापावी.

रमजानचे सहरी-इफ्तार वेळापत्रक छापताना त्याहून अधिक काळजी हवी. पूर्व-पश्चिम अंतराच्या प्रत्येक अंशाला सूर्याच्या वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबई आणि नागपूर यांच्यात या हिशेबाने सुमारे २५ मिनिटांचा फरक आहे, मुंबई आणि मिरज यांच्यात सुमारे सात मिनिटांचा. उत्तर-दक्षिण अंतरामुळे तो ऋतूनुसार आणखी कमी-जास्त होतो. मुंबईचे वेळापत्रक जसेच्या तसे छापून मिरजेत वाटले, तर त्यावर विसंबणारा माणूस सहरीची वेळ संपल्यावरही खात राहील. आपल्या लॉजच्या नावाखाली लोकांचे रोजे धोक्यात येतील. त्यामुळे वेळापत्रक आपल्याच गावाचे घ्यावे आणि स्थानिक मशिदीच्या इमाम साहेबांकडून तपासून मगच छापावे.

वाटप आणि हिशेब

कार्डे काउंटरच्या खणात ठेवण्यासाठी नसतात. खोली सोडणाऱ्या प्रत्येकाला दोन द्यावीत. "चाचा, एक तुमच्यासाठी, एक शेजाऱ्यासाठी. पुढच्या वेळी थेट फोन करा, खोली राखून ठेवतो." एवढे बोलायला पैसे पडत नाहीत. त्याखेरीज औषधांची दुकाने, रिक्षा स्टँड, स्टँडवरची चहाची टपरी येथे मालकाला विचारून कार्डे ठेवावीत.

प्रत्येक ठिकाणच्या कार्डाच्या कोपऱ्यात निराळे अक्षर छापावे. औषध दुकानासाठी 'औ', रिक्षासाठी 'रि'. रजिस्टरमध्ये "कसे कळले?" असा एक रकाना वाढवावा. तीन महिन्यांनी मोजले की कोणत्या जागेने गिऱ्हाईक आणले आणि कुठे कागद वाया गेला हे आपोआप कळते. पुढची छपाई त्या हिशेबाने करावी.

कायद्याचे भान

परवानगीशिवाय भिंतींवर पत्रके चिकटवणे हा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा १९९५ खाली गुन्हा आहे. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. स्वस्तात फ्लेक्स करून घेताना हे विचारून घ्यावे, किंवा कापडी फलक करावा. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्यांनाही फलक मराठीत, देवनागरी लिपीत लावणे बंधनकारक आहे. देवनागरी अक्षरे आधी असावीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसावीत.

शेवटची गोष्ट

नबी करीम (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले. त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पत्रकावर दुसऱ्याच हॉटेलच्या खोलीचा फोटो छापणे, तासभर येणाऱ्या गरम पाण्याला "२४ तास" लिहिणे, पंधरा मिनिटांच्या अंतराला पाच मिनिटे म्हणणे हे त्याच ओल्या धान्यावर कोरडे पसरणे आहे.

रात्री अकरा वाजता रुग्णाला घेऊन आलेला माणूस आपल्या कार्डावर विश्वास ठेवून दार वाजवतो. त्या वेळी दार उघडले, पाणी मिळाले आणि छापले होते तेवढेच भाडे लागले, तर तो आपले नाव गावभर सांगेल. म्हणून छापायला देण्यापूर्वी कच्चा मजकूर घेऊन एकदा आपल्याच खोल्यांतून फिरून यावे आणि जे तिथे नाही ते कागदावरून खोडावे. उरेल तेवढेच छापावे. बरकत देणारा अल्लाह आहे.