रोजच्या गिऱ्हाइकाची खानावळ

पनवेल-रोहा मार्गावर नागोठणे सोडले की रोह्याच्या आधी निडी लागते. स्टेशन छोटे, थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. या पट्ट्यातला माणूस सकाळची गाडी धरतो तेव्हा त्याची कामे ठरलेली असतात. कुणाचे पेणला आरटीओत काम असते, कुणाची धाटावच्या एमआयडीसीत पाळी असते. कुणी पनवेलच्या कॉलेजात निघालेला असतो, तर कुणी परळला टाटा किंवा केईएममध्ये दाखल असलेल्या नातेवाइकाजवळ बसायला. दुपारी एक वाजला की या सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : जेवायचे कुठे? खिशाला परवडेल, पोट बिघडणार नाही आणि एकट्या माणसालाही ‘या, बसा’ म्हणतील असे ठिकाण कोणते?

मोठ्या हॉटेलांची माहिती मोबाइलवर हवी तेवढी मिळते. गल्लीतल्या खानावळीची मिळत नाही, कारण तिला जाहिरातीची गरज नसते. तिचे गिऱ्हाईक ठरलेले असते, आणि तिची स्वस्ताई उभी असते ती त्याच ठरलेल्या गिऱ्हाइकावर. गेल्या शंभर वर्षांत आपल्याकडे परवडणारे जेवण देणाऱ्या जेवढ्या व्यवस्था तगल्या, त्या सगळ्या रोज येणाऱ्या माणसाच्या भरवशावर तगल्या. तो भरवसा तुटला तिथे ताट महागले किंवा दुकान बंद झाले. हा इतिहास माहीत असला की आजची चांगली खानावळ शोधणेही सोपे जाते.

गिरणगावातला महिन्याचा हिशेब

मुंबईच्या गिरण्यांत काम करायला कोकणातून आणि घाटावरून पुरुष एकटे आले. एका खोलीत आळीपाळीने झोपायचे, सामान खुंटीला आणि जेवण खानावळीत. लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींत या खानावळी बहुतेक बायका चालवत. दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक करून गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे पंगती बसवत. ताटात चपात्या किंवा भाकरी, एक भाजी, आमटी, भात आणि वाराप्रमाणे मासे किंवा मटण.

या व्यवस्थेचा कणा होता तो महिन्याचा हिशेब. कामगार पगार झाला की पैसे देई. म्हणजे महिनाभर धान्य, तेल, सरपण सगळे त्या बाईने उधारीवर आणायचे. बँक तिला दारात उभी करत नव्हती, म्हणून तिला सावकाराकडे जावे लागे. त्यासाठी भांडी आणि मंगळसूत्रही गहाण पडे. कामगाराला स्वस्त जेवण मिळत होते, कारण त्याच्या स्वस्ताईचे व्याज ती भरत होती.

हे नेमके ओळखले ते प्रेमा पुरव यांनी. गोवामुक्तीच्या लढ्यात आणि मुंबईच्या कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताईंनी 1975 साली या खानावळवाल्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायकांचे गट करायचे, एकीने दुसरीची हमी घ्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवायचे, असा तो मार्ग होता. बचत गट हा शब्द गावोगाव पोचण्याच्या कितीतरी आधीचे हे काम आहे. पुढे 2002 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगार थांबले तसे खानावळींचे हिशेबही थांबले. कामगार गावी परतले. जे मागे राहिले त्यांना खानावळवाल्यांनी उधारीवर जेवू घातले. संपाच्या इतिहासात नेत्यांची आणि मालकांची नावे येतात. ज्या बायकांनी त्या काळात चूल विझू दिली नाही, त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो. तो अधिक ठळक व्हायला हवा.

कोपऱ्यावरचा इराणी आणि माटुंग्याची पंगत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबईत चहाची दुकाने थाटली. धोबी तलावचे क्यानी 1904 सालचे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया 1923 सालचे. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चहा आणि ब्रून किंवा बनमस्का. पदार्थ थोडे, भांडवल मर्यादित आणि जागेचे भाडे जुने. कमी पैशात तासभर बसता येण्याची ही सोय कारकून, विद्यार्थी, लेखक आणि बेकार अशा सगळ्यांना एका छपराखाली आणत होती. जुन्या भाड्याची ती गणिते बिघडली आणि वारसांनी दुसरे व्यवसाय धरले, तसे इराणी कमी होत गेले.

दक्षिणेकडून आलेल्या उडुपी मंडळींनी दुसरी वाट काढली. माटुंगा स्टेशनजवळ ए. रामा नायक यांनी 1942 साली सुरू केलेले उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आजही चालू आहे. आधी कूपन घ्यायचे, नंबर लागला की पंगतीत बसायचे. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या येतात. इथे कोण काय मागवेल याचा अंदाज बांधावा लागत नाही. सगळ्यांना तेच जेवण असल्याने नासाडी कमी होते, वाढप्यांचे हात भराभर चालतात आणि एका बाकावर दुपारभरात कितीतरी माणसे जेवून उठतात. स्वयंपाकघर पाहू द्यायची इथली रीतही जुनी आहे.

मराठी उपाहारगृहांनी घरच्या चवीचा भरवसा दिला. दादर स्टेशनजवळ 1910 साली सुरू झालेल्या मामा काणे यांच्या उपाहारगृहाने ‘स्वच्छ’ हा शब्द नावातच घेतला. घराबाहेर खाणे कमीपणाचे मानणाऱ्या काळात ते गिऱ्हाइकाला दिलेले वचन होते. बटाटावडा, थालीपीठ, पियूष, उपासाची मिसळ हे पदार्थ दादर-गिरगावात बाहेर बसून खाण्याची सवय मराठी मध्यमवर्गाला अशा उपाहारगृहांनी लावली. त्याच शहरात गोमंतकी आणि मालवणी खानावळींनी चाकरमान्याला मासळीचे ताट दिले.

सरकारी ताटाचा अनुभव

सरकारनेही हा प्रयत्न केला. 1995 साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. कल्पनेला प्रतिसाद मोठा होता. पण एक रुपया आणि खरा खर्च यांतले अंतर अनुदानाने भरायचे होते. अनुदान थांबले तशी झुणका-भाकर गेली आणि अनेक केंद्रांत वडापाव, चायनीज विकले जाऊ लागले.

26 जानेवारी 2020 रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात आणि एक वाटी वरण असे तिचे स्वरूप ठरले. गिऱ्हाइकाने दहा रुपये द्यायचे. थाळीचा दर शहरात पन्नास आणि ग्रामीण भागात पस्तीस रुपये धरून उरलेली रक्कम सरकारने केंद्रचालकाला द्यायची, अशी ही रचना. टाळेबंदीत ती आधी पाच रुपयांत आणि पुढे काही काळ मोफत मिळाली. तेव्हा हाताला काम नसलेल्यांना तिचा खराखुरा आधार झाला. मात्र अनुदान वेळेवर आले नाही तर केंद्रचालकाची गत गिरणगावातल्या खानावळवालीसारखीच होते. आज शिजवायचे आणि पैशाची वाट पाहायची.

सिंगापूरने वेगळा मार्ग घेतला. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी तिथल्या सरकारने 1970 आणि 1980 च्या दशकांत पाणी, गटार आणि छप्पर असलेली हॉकर सेंटरे बांधली आणि जुन्या विक्रेत्यांना कमी भाड्यात गाळे दिले. ताटाला पैसे देण्याऐवजी जागेचा भार उचलला. डिसेंबर 2020 मध्ये या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. आपल्याकडे बसस्थानके, मंडया, नगरपालिकांचे गाळे एवढे असताना हा धडा घेण्यासारखा आहे.

आपल्या पट्ट्यातले ताट

आता पेण ते रोहा. इथे स्वस्त जेवणाची ठिकाणे तीन प्रकारची दिसतात. पहिली महामार्गावरची. वडखळपासून पुढे गोव्याकडे आणि अलिबागकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी ती उभी आहेत. गिऱ्हाईक एकदा येऊन पुढे जाणारे, म्हणून कार्ड लांबलचक आणि दर चढे. दुसरी बाजारपेठेतली आणि एसटी स्टँडजवळची. तिथे दुकानदार, चालक-वाहक, कचेरीत कामाला आलेले गावकरी जेवतात. तिसरी धाटाव, नागोठणे, डोलवी अशा कारखान्यांच्या आसपासची. बाहेरगावचे कामगार महिन्याच्या बोलीवर तिथे जेवतात आणि पाळीला डबाही नेतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात अजून जुन्या खानावळीचे रक्त आहे.

इथल्या ताटाची किंमत ऋतू ठरवतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. तेव्हा ताज्या मासळीचे दर चढतात आणि शहाण्या खानावळीत सुकट, सोडे, सुके बोंबील दिसू लागतात. श्रावणात मासळीचे गिऱ्हाईक आटते. भाद्रपदात गणपती सरले की पुन्हा उठाव येतो. जिताडा ही खारेपाटाची शान, पण रोजच्या ताटात तो परवडत नाही. तिथे मांदेली, बांगडा, बोंबील चालतात. वर्षभर एकच दर आणि एकच मासळी लावणाऱ्या ठिकाणी मासळी कुठून येते, हे विचारून घ्यावे.

वालाचे बिरडे म्हणजे या भागाचा मान. भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर येणारे हे पीक. ते ताटात येण्याआधी किती हातांतून जाते हे जवळून पाहिले की खानावळीचा दर कळतो. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. घाई केली की डाळिंबी फुटते, आणि फुटलेली डाळिंबी शिजताना पिठूळ होते. पन्नास माणसांचे बिरडे म्हणजे दोन-तीन बायकांची अख्खी सकाळ. तीच गोष्ट तांदळाच्या भाकरीची. उकड काढायची, गरम असतानाच मळायची, पाण्याचा हात लावून थापायची. ती यंत्रातून निघत नाही आणि करून ठेवता येत नाही. ज्या खानावळीत आठवड्यातून एकदा तरी बिरडे आणि समोर भाजलेली भाकरी मिळते, तिथे कष्टाची काटकसर नाही हे समजावे.

शोधायचे कसे

नवख्या गावात चांगली खानावळ ओळखायच्या काही खुणा सांगता येतील. दुपारी साडेबारा ते दीडच्या सुमारास जावे आणि कोण जेवते आहे ते पाहावे. एसटीचे चालक, बँकेतले कारकून, शेजारचे दुकानदार बसलेले असतील तर काळजी नको. शेजारच्या दुकानांतून स्टीलचे डबे भरून न्यायला येत असतील तर आणखी चांगले, कारण रोज खाणारा माणूस खराब तेल सहन करत नाही. फळ्यावर खडूने लिहिलेले चार-पाच पदार्थ हे दोन पानी छापील कार्डापेक्षा भरवशाचे. त्याचा अर्थ सकाळी बाजारात जे आले ते शिजले आहे.

मग हात धुवायची जागा आणि पाण्याचा माठ पाहावा. भिंतीवर अन्नसुरक्षा खात्याचा 14 अंकी क्रमांक आहे का तेही पाहावे. दर फळ्यावर असावेत, जास्तीच्या चपातीचे आणि भाताचे पैसे आधी कळावेत. ‘भाजी वाढू का?’ असे न मागता विचारणारा वाढपी असेल तर मालकाचे मन कळते.

सगळ्यांत मोठी कसोटी मी निराळी मानतो. एकटी बाई तिथे निवांत जेवू शकते का? नोकरीवरची शिक्षिका, आरोग्यसेविका, परीक्षेला आलेली मुलगी, दवाखान्यात आलेली आई यांना कोपऱ्यातल्या पडद्याआड न बसवता मोकळ्या टेबलावर जागा मिळते का? स्वच्छ स्वच्छतागृह आहे का? अगत्य रंगीत भिंतींनी येत नाही, ते इथे दिसते. या कसोटीला उतरणारी खानावळ सगळ्यांसाठीच चांगली असते.

गिऱ्हाइकाचे देणे

स्वस्त मिळावे ही अपेक्षा रास्त आहे. पण ताटाच्या दरात काय काय बसवायचे असते तेही आपण जाणले पाहिजे. खानावळीला घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो आणि त्याचा दर साधारण दर महिन्याला बदलतो. तेल, डाळ, भाडे, वीज आणि हाताखालच्या माणसांची मजुरी वेगळीच. मोबाइलवरून जेवण मागवण्याची सोय आली, पण त्या कंपन्यांचे कमिशन छोट्या खानावळीच्या नफ्यातूनच जाते. जी खानावळ चालत जाऊन गाठता येते, तिथे जाऊन जेवणे हीच तिला मदत आहे.

म्हणून पेण आणि रोह्यातल्या वाचकांना, निडीसारख्या छोट्या स्टेशनावरून रोज ये-जा करणाऱ्यांना माझे सांगणे आहे. एक खानावळ निवडा आणि तिथे नेमाने जा. महिन्याचे पैसे शक्य तर आगाऊ द्या, कारण उधारीचे व्याज शेवटी कुणाच्या तरी गळ्यातल्या दागिन्यावर पडते. मीठ जास्त झाले तर तिथेच सांगा. बाहेर जाऊन नाव ठेवू नका. चांगले लागले तर गाडीत शेजारी बसणाऱ्याला पत्ता द्या. आणि नगरपालिका, एसटी महामंडळ, रेल्वे यांच्याकडे मागणी लावून धरा, की स्टँडवर आणि स्टेशनजवळ बचत गटांच्या बायकांना पाणी आणि ओटा असलेले गाळे परवडणाऱ्या भाड्यात मिळाले पाहिजेत. एखाद्या योजनेचे अनुदान संपले तरी असा गाळा चालू राहील, कारण त्याला रोजचे गिऱ्हाईक असेल. ते गिऱ्हाईक होणे आपल्या हातात आहे.